आरोग्य-माहिती ग्रंथालय

रुग्ण, त्यांचे नातेवाईक व सामान्य वाचक यांना आजार, उपचार व प्रतिबंध यांविषयीची पारखलेली माहिती सोप्या भाषेत पुरविणारे ग्रंथालय वा ग्रंथालयाचा विभाग. अमेरिकेत प्लेनट्री संस्थेने सॅन फ्रॅन्सिस्को येथे 1981 मध्ये असे केंद्र उघडले. मुंबईत डॉ. अनिरुद्ध व डॉ. अंजली मालपाणी यांनी 1997 मध्ये ‘हेल्प’ हे विनामूल्य रुग्णशिक्षण ग्रंथालय सुरू केले.

येथील ग्रंथपाल निदान करीत नाही, औषधही सुचवीत नाही. लेखकाची अर्हता, प्रकाशनवर्ष, दिलेले आधार आणि प्रकाशनाचा खर्च कोणी केला हे पाहून तो साहित्य निवडतो. वैद्यकीय पुस्तके लवकर कालबाह्य होतात. म्हणून इतरत्र जपली जाणारी जुनी आवृत्ती येथे काढून टाकावी लागते. वाचकाची विचारणा गोपनीय राहते.

 माहिती वाचकांच्या भाषांत असावी लागते. उदा., महाराष्ट्रातील भिवंडीत यंत्रमागांमुळे मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषक एकत्र राहतात [→ यंत्रमाग]. तेथे एकभाषी पत्रक अपुरे पडते. 2022 च्या गोवर-उद्रेकात मुंबई व मालेगावप्रमाणे भिवंडीतही बालके बाधित झाली; अशा वेळी या सर्व भाषांतील माहिती लागते [→ गोवर, लसीकरण]. निरक्षरांसाठी मजकूर वाचून दाखविणे हाही या सेवेचा भाग होय.