बेण्याची हरळी, बियांची हरळी

शेतकरी जिला खणून खणून थकतो आणि गणपतीला जिच्या 21 दूर्वांची जुडी वाहतो, तीच हरळी अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने घराघरापुढची हिरवळ झाली. 1807 साली जेम्स मीझ या लेखकाने दक्षिणेतल्या महत्त्वाच्या गवतांमध्ये तिची नोंद केली होती. गुरे पाळणाऱ्यांसाठी ती चारा होती, कापूसवाल्यांसाठी मात्र तण.

बियाणे म्हणून तिला मोल आले ते ॲरिझोनातल्या युमा आणि कॅलिफोर्नियातल्या इंपिरियल खोऱ्यात. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याच्या दमट हवेत ही हरळी बी धरायला नाखूश. वाळवंटाचे ऊन आणि कोलोरॅडो नदीचे पाटाचे पाणी मिळाले की तुरे दाण्यांनी भरतात. दाणा इतका बारीक की किलोभरात सुमारे 40 लाख.

या बियांची एक अडचण होती. हरळीचे फूल स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही, त्याला शेजारी वेगळ्या वंशाचे रोप लागते. साहजिकच बियांतून उगवलेल्या हिरवळीत सगळी रोपे सारखी नसत. घरापुढे, रस्त्याकडेला ते खपून गेले. गोल्फवाल्यांना मात्र चेंडू सरळ घरंगळेल असे दाट, बारीक पात्याचे गवत हवे होते.

ते दिले ग्लेन बर्टन यांनी. 1936 मध्ये ते जॉर्जियातल्या टिफ्टन संशोधन केंद्रात रुजू झाले. 36 गुणसूत्रांच्या हरळीचा 18 गुणसूत्रांच्या आफ्रिकी भावंडाशी संकर केला, की संततीत 27 गुणसूत्रे येतात आणि ती वांझ निघते. 1956 चे ‘टिफग्रीन’ असेच. 1960 चे ‘टिफवे’ तर जोहान्सबर्गहून आलेल्या बियांत आपोआप झालेला संकर होता. बर्टन यांच्या नजरेने ते वेगळे रोप हेरले. दोन्ही गवते देखणी, पण त्यांचे बी मिळणे नाही. उसासारखे बेणेच लावायचे.

याच बर्टन यांचे महाराष्ट्रावरही ऋण आहे. त्यांच्या ‘टिफ्ट 23ए’ या नरवंध्य वाणावरून पंजाबात ‘एचबी-1’ ही भारतातली पहिली संकरित बाजरी तयार झाली आणि 1965 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. बाजरीची भाकरी खाणाऱ्या प्रदेशाने हे नाव लक्षात ठेवायला हवे.

पुन्हा हरळीकडे वळू. तिचे बेणे महाग, ते लावायला मजूर लागतात आणि वाटेत वाळले तर सगळेच वाया. म्हणून आर्डेन बाल्टेन्स्परगर यांनी न्यू मेक्सिकोत पुन्हा बियांकडे मोर्चा वळवला. निवडक वंश एकत्र वाढवून त्यांनी घडवलेले ‘न्यूमेक्स सहारा’ 1987 मध्ये बाहेर आले. जुन्या बियाण्यापेक्षा ते ठेंगणे आणि दाट होते. पुढे ओक्लाहोमात चार्ल्स टालियाफेरो यांच्या प्रयत्नांतून ‘रिव्हिएरा’ आले, ते थंडीलाही टिकणारे.

पेरणीचे तंत्र मात्र बदललेले नाही. जमीन 20 अंशांच्या वर तापू द्यावी, माती भुसभुशीत करून सपाट करावी, बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर झाकावे आणि उगवण होईपर्यंत वरचा थर सुकू देऊ नये. टरफल काढलेले बी लवकर उगवते. घराच्या अंगणासाठी किंवा शाळेच्या मैदानासाठी आज बियाणेच परवडते आणि ते पुरेसे चांगलेही आहे. बेण्याचा खर्च गोल्फच्या हिरवळीवरच शोभतो.