माळवद: एक जुनं फीचर, एक जुना बग

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या घरात मे महिन्याच्या दुपारी कधी गेला असाल तर आठवून बघा. बाहेर 42 अंश, आणि आत पंख्याशिवाय गारवा. डोक्यावर असतं ते माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फूट थर.

यात जादू काही नाही. फूटभर मातीतून दुपारचं ऊन आत झिरपायला साधारण आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते आणि वरचा थर गारही पडायला लागतो. चार इंची स्लॅबमधून तेच ऊन दोन-तीन तासांत घरात उतरतं. शिवाय कच्ची माती हवेतली वाफ शोषते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. जर्मनीतल्या कासेलमध्ये गेर्नोट मिंके यांनी हे मोजलं. आर्द्रता 50 वरून 80 टक्क्यांवर नेल्यावर दोन दिवसांत कच्च्या विटांनी भाजलेल्या विटांच्या 30 पट ओलावा शोषला!

1964 साली कैरोत मातीची आणि काँक्रीटची खोली शेजारी-शेजारी बांधून तपासली होती. मातीच्या खोलीत दिवसभर 21 ते 23 अंश, काँक्रीटच्या खोलीत 36 पर्यंत. हसन फथींनी आपल्या पुस्तकात ही तुलना दिली आहे. पण मातीची भिंत 50 सेंटीमीटरची होती आणि काँक्रीटची फक्त 10. म्हणजे श्रेय मातीइतकंच जाडीलाही आहे.

आणि घोळ नेमका इथेच आहे. जाडी म्हणजे वजन. पावसाळ्यात माळवद गळू नये म्हणून लोक वरून आणखी माती टाकत. पॅचवर पॅच! खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती, दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक नाहीतच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून किल्लारी परिसर झोपला होता. भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बरीचशी स्वतःच्याच घराखाली.

त्यानंतर माती म्हणजे मरण, हे डोक्यात पक्कं बसलं. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोठं पुनर्वसन झालं आणि सिमेंट-काँक्रीटची नवी गावं वसली. खरं तर दुसरा रस्ताही होता. माळवदावरची माती कमी करायची, गळती प्लॅस्टिकच्या कागदाने थांबवायची, भिंतीत आरपार जोड घालायचे, खांब-तुळयांना तिरके टेकू द्यायचे. पण तो फार थोड्यांनी धरला. ज्यांनी घरातली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्यांना "थोडी माती राहू द्या" असं कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यामुळे "आजोबांची घरं किती शास्त्रशुद्ध!" असं कुणी म्हटलं की मी अर्धीच मान हलवतो. गारवा खरा होता, पण त्याचं वजन कुणी मोजत नव्हतं. आता मोजता येतं. तेवढं करून बांधलं, तर माती आजही वाईट नाही.