आंतरराष्ट्रीय फुटबॉल-सामन्यांची गणना

आंतरराष्ट्रीय फुटबॉल-सामन्यांची गणना : राष्ट्रीय फुटबॉल संघांनी खेळलेल्या सामन्यांपैकी कोणते अधिकृत मानावयाचे, हे ठरविण्याच्या पद्धती व त्यांसंबंधीचे वाद. देशाचे जयपराजय, खेळाडूंची सामनेसंख्या आणि त्यांचे गोल यांविषयीचे सर्व विक्रम या निर्णयावर अवलंबून असतात. ‘फिफा’ या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार दोन्ही सदस्य-संघटनांनी आपापला प्रथम दर्जाचा राष्ट्रीय संघ उतरविलेला सामना हा ‘अ’ दर्जाचा आंतरराष्ट्रीय सामना होय. ही व्याख्या वरकरणी सरळ वाटते. तथापि फिफाची स्थापना १९०४ मध्ये झाली, तर आंतरराष्ट्रीय सामने त्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ चालू होते आणि प्रत्येक देशाची संघटना आपली नोंद स्वतंत्रपणे ठेवीत होती. परिणामी एकच सामना एका देशाच्या नोंदीत आढळतो, तर प्रतिस्पर्ध्याच्या नोंदीत आढळत नाही.

प्रारंभीचे वाद : ग्लासगो येथे ३० नोव्हेंबर १८७२ रोजी स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यात झालेला आणि ०–० असा बरोबरीत सुटलेला सामना पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना मानला जातो. १८७०–७२ या काळात लंडनच्या ओव्हल मैदानावर याच दोन देशांच्या नावाने पाच सामने झाले होते. त्यांतील स्कॉटिश खेळाडू मुख्यत्वे लंडनवासी असून त्यांची निवड इंग्लिश संघटनेच्या पुढाकाराने झाली होती. म्हणून ते सामने गणनेतून वगळले जातात. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर प्रेक्षकांचा मजला कोसळून २५ जण मृत्युमुखी पडले. खेळ पुढे चालू राहून सामना १–१ असा संपला. पण तो अनधिकृत ठरविण्यात आला आणि त्याऐवजी बर्मिंगहॅम येथे दुसरा सामना खेळविण्यात आला.

हौशी व धंदेवाईक संघ : इंग्लंडमध्ये धंदेवाईक खेळाला १८८५ मध्ये मान्यता मिळाली व पुढे पूर्ण राष्ट्रीय संघाबरोबरच हौशी खेळाडूंचा वेगळा राष्ट्रीय संघ निर्माण झाला. यूरोपातील अन्य देशांत असे दोन संघ नव्हते. १३ मार्च १९०९ रोजी ऑक्सफर्ड येथे इंग्लंडच्या हौशी संघाने जर्मनीचा ९–० असा पराभव केला. जर्मनीने आपला एकमेव राष्ट्रीय संघ उतरविलेला असल्यामुळे हा त्या देशाच्या नोंदीतील सर्वांत मोठा पराभव ठरतो. इंग्लंडच्या पूर्ण राष्ट्रीय संघाच्या नोंदीत मात्र या विजयाला स्थान नाही.

हाच प्रश्न ऑलिंपिक सामन्यांबाबत अधिक तीव्रतेने उद्‌भवला. ही स्पर्धा दीर्घकाळ हौशी खेळाडूंपुरती मर्यादित होती. पश्चिम यूरोपातील देशांच्या दृष्टीने ती दुय्यम संघांची स्पर्धा होती. आशियातील अनेक देशांचा मात्र तोच प्रथम दर्जाचा संघ होता. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवून चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. त्या सामन्यात मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक सामने सरसकट वगळल्यास भारतीय फुटबॉलच्या वैभवकाळातील असा महत्त्वाचा भागच राष्ट्रीय संघाच्या गणनेबाहेर पडतो. १९९२ पासून पुरुषांच्या ऑलिंपिक स्पर्धेस २३ वर्षांची वयोमर्यादा लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या सामन्यांबाबत असा प्रश्न उरलेला नाही.

मलेशियाचा बचावपटू सोह चिन ॲन याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ऑलिंपिक व तिच्या पात्रता फेऱ्यांतील सामने धरल्यास त्याची सामनेसंख्या २१९ भरते, वगळल्यास ती १९५ होते. पोर्तुगालचा क्रिस्त्यानो रोनाल्दो २३ मार्च २०२३ रोजी आपला १९७ वा सामना खेळला, तेव्हा कुवेतच्या बदर अल्-मुतवा याचा १९६ सामन्यांचा विक्रम मोडल्याचे जाहीर झाले. पहिली गणना स्वीकारली असती, तर त्या दिवशी विक्रम सोह याच्याच नावावर राहिला असता.

प्रतिस्पर्धी संघाचा दर्जा : क्लब अथवा निवडक खेळाडूंच्या संघांविरुद्धचे सामने फिफा मोजत नाही. ब्राझीलचा पेले (१९४०–२०२२) याचे ७७ गोल फिफाला मान्य आहेत. ब्राझीलची संघटना अशा सामन्यांतील गोल धरून ही संख्या ९५ मानते. ८ सप्टेंबर २०२३ रोजी बोलिव्हियाविरुद्ध दोन गोल करून नेमारने आपली संख्या ७९ वर नेली, तेव्हा फिफाच्या गणनेनुसार विक्रम मोडला. खुद्द ब्राझीलच्या संघटनेच्या गणनेनुसार मात्र तो अबाधित राहिला.

बदली खेळाडू : फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात इंग्लंडने मध्यंतरात सर्व अकरा खेळाडू बदलले. अशा सामन्यांना राष्ट्रीय सामना म्हणावे काय, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला व २००४ मध्ये बदली खेळाडूंची मर्यादा सहा ठरविण्यात आली. मे २०१४ मध्ये बेल्जियमने लक्झेंबर्गला ५–१ असे हरविले; परंतु बेल्जियमने सात खेळाडू बदलल्यामुळे फिफाने त्या सामन्याची मान्यता काढून घेतली आणि रोमेलू लुकाकू याचे त्यातील तीन गोलही गणनेतून वगळले गेले.

राज्यांचे विघटन व एकीकरण : राज्य बदलल्यावर त्याच्या क्रीडा-नोंदींचा वारसा कोणाकडे जावा, हाही वादाचा विषय होय. जर्मनीच्या एकीकरणानंतर पश्चिम जर्मनीची नोंद अखंड मानली गेली व पूर्व जर्मनीचे २९३ सामने स्वतंत्र राहिले. त्यामुळे १९७४ च्या विश्वचषक स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या युर्गेन श्पारव्हासर याने हँबर्ग येथे केलेला विजयी गोल आजच्या जर्मनीच्या नोंदीत पराभव म्हणून उरला आहे. चेकोस्लोव्हाकियाने १९७६ मध्ये मिळविलेले यूरोपीय विजेतेपद सामान्यतः चेक संघाच्या नावापुढे लिहिले जाते. प्रत्यक्षात अंतिम सामन्यातील त्या संघात स्लोव्हाक खेळाडूच बहुसंख्य होते.

हे वाद मिटविण्यासाठी संख्याशास्त्रीय संघटनांनी जुन्या सामन्यांची छाननी केली आहे. आल्फ्रेडो पॉग यांनी १९८४ मध्ये लाइपसिक येथे स्थापिलेली फुटबॉलचा इतिहास व संख्याशास्त्र यांची आंतरराष्ट्रीय संघटना ही त्यांपैकी एक. छाननीमुळे तारखा, खेळाडू आणि गोल यांविषयीच्या चुका दुरुस्त होऊ शकतात; परंतु राष्ट्राचा संघ कोणता, हा प्रश्न केवळ मोजणीने सुटत नाही. त्याचे उत्तर प्रत्येक काळी नियमाने ठरविले गेले आहे आणि एका देशातील परिस्थिती पाहून केलेला नियम दुसऱ्या देशाच्या इतिहासाला नेहमीच न्याय देऊ शकलेला नाही. म्हणून विक्रमाच्या आकड्याबरोबर तो कोणत्या निकषाने काढला, याचाही निर्देश करणे आवश्यक ठरते.