देशत्यागाची सक्ती

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू राहत होते. १ एप्रिलला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारण्यात आला आणि आठवडाभरातच त्यांना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा झाला. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वाचे हक्क हिरावून घेतले. ज्यूंनी देश सोडावा हाच या काळातील धोरणाचा रोख होता; मात्र मालमत्ता मागे ठेवून.

त्यासाठी एक जुना कर हाताशी होता. मंदीच्या काळात परदेशी जाणारा पैसा रोखण्यासाठी १९३१ साली देशत्याग कर लागू झाला होता. १९३४ साली नाझींनी त्याची मर्यादा दोन लाख मार्कांवरून ५० हजारांवर आणली. कर म्हणून मालमत्तेचा चौथा हिस्सा जाई. उरलेली रक्कम बँकेत गोठवली जाई आणि ती परकीय चलनात बदलताना जबर घट सोसावी लागे. सोबत रोख नेता येत ते अवघे दहा मार्क.

मार्च १९३८मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यात आला. व्हिएन्नात ज्यूंना भर रस्त्यात गुडघ्यांवर बसवून फरशा घासायला लावले गेले. ऑगस्टमध्ये नाझी अधिकारी अडॉल्फ आइकमनने तेथे, रॉथशिल्ड घराण्याच्या बळकावलेल्या वाड्यात, ज्यू स्थलांतराची कचेरी थाटली. करवसुली, दाखले, पासपोर्ट ही सगळी कामे एकाच छताखाली होत. आत गेलेला माणूस एकेका टेबलावर आपला पैसा आणि हक्क गमावत शेवटी पासपोर्ट घेऊन बाहेर पडे. तोही ठरावीक मुदतीत देश सोडण्याच्या अटीवर. गरिबांच्या प्रवासाचा खर्च धनिक ज्यूंकडून वसूल केला जाई. १९३९ साली बर्लिन आणि प्रागमध्येही अशाच कचेऱ्या निघाल्या.

पण निष्कांचन निर्वासित कोणत्याच देशाला नको होते. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे ३२ देशांची परिषद भरली. बहुतेकांनी सहानुभूती दाखवली, दारे मात्र उघडली नाहीत. ऑक्टोबरपासून ज्यूंच्या पासपोर्टवर ‘जे’ अक्षराचा लाल शिक्का बसू लागला. नोव्हेंबरमध्ये ज्यूंविरुद्ध देशभर उसळलेल्या हिंसाचारात सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले. देश सोडण्याची हमी देणाऱ्या अनेकांची सुटका झाली. त्यानंतर ब्रिटनने सुमारे दहा हजार मुलांना आश्रय दिला, पण बहुतेकांचे आईवडील मागेच राहिले. व्हिसाशिवाय उतरता येणाऱ्या शांघायला हजारो जण गेले. मुंबईत १९३४ साली स्थापन झालेल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने तेथे पोचलेल्या निर्वासितांना मदत केली.

युद्ध सुरू झाल्यावर वाटा आणखी आक्रसल्या आणि ऑक्टोबर १९४१मध्ये नाझींनी ज्यूंच्या देशत्यागावरच बंदी घातली. त्याच महिन्यात बर्लिन, व्हिएन्ना आणि प्रागमधून पूर्वेकडे ज्यूंची रवानगी करणाऱ्या रेल्वेगाड्या सुटू लागल्या. त्यांची आखणी आइकमनच्याच विभागाकडे होती.