आज्ञापत्रातील कात्री

सरकारी दप्तराशी ज्याचा रोजचा संबंध येतो, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : आज्ञापत्र स्वतः काही करीत नाही, त्याची अंमलबजावणी करणारा हात निराळा असतो. पेशीविषयी शास्त्रज्ञांचीही दीर्घकाळ अशीच समजूत होती. १९२६ साली जेम्स समनर यांनी युरिएज हे विकर स्फटिकरूपात मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखविले. पुढे विकर म्हणजे प्रथिनच, हा जणू नियमच होऊन बसला. डी.एन.ए. हे मूळ दप्तर, आर.एन.ए. ही त्याची नक्कल आणि राबणारे हात प्रथिनांचे, अशी ही वाटणी होती.

१९८२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात टॉमस चेक व त्यांचे सहकारी यांनी या समजुतीला धक्का दिला. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा आर.एन.ए. आपल्यातलाच एक तुकडा कापून टाकी आणि उरलेली टोके जोडून घेई. एखादे प्रथिन त्याला चिकटून राहिले असेल, ही शंका साहजिकच होती. म्हणून त्यांनी तो आर.एन.ए. पेशीबाहेर कृत्रिम रीतीने तयार केला. तरीही कापाकापी झालीच! १९८३ मध्ये येल येथे सिडनी आल्टमन यांच्या संशोधनातून आर.एन.ए.च्या विकरशक्तीचा दुसरा पुरावा मिळाला. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

त्याहून लहान कात्री १९८६ मध्ये वनस्पतींना ग्रासणाऱ्या विरॉइडसारख्या सूक्ष्म रोगकारकांत सापडली. तिच्या आकृतीवरून तिला 'हातोडी' हे नाव पडले. १९८७ मध्ये तीच हातोडी न्यूट या उभयचर प्राण्यात, डी.एन.ए.च्या पुनःपुन्हा येणाऱ्या मजकुरात आढळली. मग प्रश्न उभा राहिला : ही निसर्गातील तुरळक नवलाई, की सर्वत्र पसरलेली व्यवस्था?

शोध सोपा नव्हता. हातोडीत सुमारे पन्नास अक्षरे. पैकी पंधराच्या आसपास ठरलेली. उरलेली परस्परांशी जोडी जमवून घडी टिकवितात, एवढेच पुरे. ती कोणती असावीत याला बंधन नाही. त्यामुळे मजकूर ताडून भागेना. घडी ओळखावी लागे. २००६ मध्ये जॅक झोस्टाक यांच्या प्रयोगशाळेने निराळाच मार्ग धरला. मानवी डी.एन.ए.च्या तुकड्यांवरून आर.एन.ए. बनवून, जे आपणहून तुटतील तेवढेच वेचले. त्यांत सी.पी.ई.बी.३ या मानवी जनुकात अशी एक कात्री निघाली. २०१० व २०११ मध्ये संगणकाने घड्यांचा माग काढला, तेव्हा जीवसृष्टीच्या तिन्ही शाखांत हातोडी दिसून आली. २०१४ व २०१५ मध्ये येल येथील रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने आणखी चार नवे प्रकार उजेडात आणले.

यांपैकी पुष्कळ कात्र्या त्या त्या प्राण्याच्या शरीरात कोणते काम करतात, याचा उलगडा अजून व्हावयाचा आहे. परंतु ज्या मजकुराला कोणी किंमत देत नव्हते, तिथे त्या सापडल्या. आपल्या कचेरीतील जुन्या कागदांवर 'निरुपयोगी' हा शेरा मारण्यापूर्वी मला आता त्या न्यूटची आठवण होते, आणि लेखणी क्षणभर थांबते.