विक्रांतवरील एक दिवस

पुण्याहून मुंबईची सहल म्हटली की राणीची बाग, म्युझियम, तारांगण आणि गेटवे हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. २००१ पासून पुढे काही वर्षे त्यात आणखी एका ठिकाणाची भर घालता येत असे, अर्थात तारखा जुळल्या तर. नौदल गोदीत उभी असलेली निवृत्त विमानवाहू नौका 'विक्रांत' अधूनमधून थोड्या दिवसांसाठी लोकांना पाहायला खुली होई. अशाच एका हिवाळ्यात आम्ही काही शिक्षक आणि नववी-दहावीच्या मुलांबरोबर पहाटेच्या गाडीने निघालो.

मुलांना विमाने आणि तोफा पाहायच्या होत्या. ती पाहून झाल्यावर एक मुलगी डेकच्या पुढच्या टोकाशी थबकली. तिथे डेक सपाट नव्हता, घसरगुंडीसारखा वर चढत गेला होता. "सर, बोट इथे वाकली आहे का?" तिने विचारले. दिवसभरातला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता, कारण त्याचे उत्तर देताना या नौकेचा बहुतेक सगळा इतिहास सांगावा लागला.

विक्रांतचा जन्म आपल्यासाठी झाला नव्हता. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये टाईन नदीकाठी 'हर्क्युलिस' या नावाने तिची बांधणी सुरू झाली. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, तोवर महायुद्ध संपले होते. काम थांबले आणि अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने तो विकत घेतला आणि बेलफास्टच्या कारखान्यात पूर्ण करून घेतला. ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली.

मधली वर्षे वाया गेली असे वाटेल, पण आमचे मत उलट आहे. याच काळात पंख्याच्या विमानांची जागा जड आणि वेगवान जेट विमाने घेऊ लागली आणि जुन्या पद्धतीचा सरळ डेक अपुरा पडू लागला. ब्रिटिश नौदलाने त्यावर दोन तोडगे काढले. एक म्हणजे तिरकस धावपट्टी : उतरताना विमानाचा हूक डेकवरच्या तारेत अडकला नाही, तर पुढे उभ्या असलेल्या विमानांवर न आदळता ते पुन्हा हवेत झेपावू शकते. दुसरा वाफेचा कॅटपल्ट. ही वाफेच्या जोरावर विमान भिरकावणारी गोफणच. १९४५ मध्येच पुरी झाली असती तर या दोन्ही गोष्टी नौकेला नंतर मोठा खर्च करून बसवाव्या लागल्या असत्या. रखडल्यामुळे त्या तिला बांधतानाच मिळाल्या.

गोफणीलाही वारा लागतो. पंखाला आधार मिळतो तो त्याच्यावरून जाणाऱ्या हवेच्या वेगाने, जमिनीच्या संदर्भातील वेगाने नव्हे. म्हणून विमान सोडताना नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जोरात धावते. विक्रांतचा कमाल वेग सुमारे २५ नॉट, म्हणजे ताशी ४६ किलोमीटर. एवढा वारा ती स्वतःच निर्माण करी. पण १९७० मध्ये तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या पिंपांना तडे गेलेले आढळले. दुरुस्तीसाठी नवी पिंपे परदेशातून यायची होती आणि तोवर युद्ध जवळ आले. शेवटी बॉयलरवरचा ताण कमी ठेवून, सुमारे १६ नॉट वेगावर समाधान मानून ती बंगालच्या उपसागरात गेली. गोफणीची वाफही त्याच बॉयलरमधून यायची. ताशी सुमारे १७ किलोमीटर वारा असा हातचा गेलेला असताना ४ डिसेंबर १९७१ रोजी तिच्या 'सी हॉक' विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरावर हल्ले चढवले. सापेक्ष वेगाचे गणित शिकवताना आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. १९८० च्या दशकात 'सी हॅरिअर' विमाने आली. त्यांच्या इंजिनाचा झोत खाली वळवता येत असल्याने त्यांना कॅटपल्ट लागत नसे. चढती धावपट्टी मिळाली की ती जास्त वजन घेऊन उडत. म्हणून कॅटपल्ट काढून टाकला आणि पुढे सुमारे पावणेदहा अंशांचा चढ बसवला. बोट वाकली नव्हती, वाकवली होती.

खाली उतरताना एका मुलाने कठड्याचा रंगाचा पोपडा नखाने काढला. आत तांबूस भुगा. आम्ही त्याला रागावलो नाही, कारण विक्रांतची पुढची कथा त्या भुग्यात होती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे पाणी विद्युतवाहक बनते आणि ओल्या पोलादावर असंख्य चिमुकले विद्युतघट चालू होतात. त्यांत लोखंड विरघळत जाते. यावरचा उपाय हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्येच सुचवला होता. त्या काळी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. त्या पत्र्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की तांब्याऐवजी ते तुकडे झिजतात, हे त्याने दाखवले. प्रयोग यशस्वी झाला आणि फसलाही! तांबे विरघळायचे थांबले, पण त्याच्या विषामुळे दूर राहणारे शेवाळ आणि शिंपले तळाला भराभर चिकटू लागले. पोलादी जहाजांना मात्र ही युक्ती मानवली. त्यांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. शाळेत दोन खिळे मिठाच्या पाण्यात ठेवून, एकाला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळून हे चार दिवसांत दाखवता येते.

ठोकळ्यांचे संरक्षण पाण्याखालीच. लाटा उडतात आणि वाळतात तो पट्टा सर्वांत जास्त गंजतो आणि तिथे फक्त रंगाचाच आधार असतो. नौका सेवेत असताना खलाशी सतत खरवडत आणि रंगवत असतात, शिवाय ठरावीक काळाने तिला सुक्या गोदीत घेतात. ३१ जानेवारी १९९७ ला विक्रांत निवृत्त झाली आणि हजाराहून अधिक माणसांचा हा राबता थांबला. संग्रहालय कायमचे चालवायला राज्य शासनाला जोडीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये ती लोकांसाठी धोकादायक ठरवून बंद केली गेली. २०१४ च्या जानेवारीत सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला. न्यायालयात दाद मागूनही उपयोग झाला नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात ती तोडायला घेतली.

पैसा हे कारण खरे, पण अपुरे. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून लोक पाहत आहेत. ती ९१ मीटरची, म्हणजे विक्रांतच्या निम्म्याहूनही लहान; आणि तिला पाण्यातून ओढून किनाऱ्यावर काँक्रीटच्या पायावर बसवले आहे. २१३ मीटरच्या नौकेला हे करणे फार वेगळे काम आहे. तरी तिला पाण्यातच ठेवण्याचा विचार झाला तेव्हाच गंजाचा हिशोब मांडायला हवा होता, असे आम्हाला वाटते. सहलीला जाणाऱ्या शिक्षकांसाठी एक सोय गोव्यात आहे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात 'सी हॉक', 'अलिझे' आणि 'सी हॅरिअर' ही तिन्ही विमाने जवळून पाहता येतात. ज्या डेकवरून ती उडत, तो तिथे नाही.

विक्रांतचे थोडे पोलाद पुण्याकडे आले. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये एक मोटरसायकल बाजारात आणली. तिच्या इंधनटाकीत हे पोलाद वापरल्याचे कंपनीने जाहीर केले होते. आमच्या सोसायटीत अशी एक गाडी उभी असे. टाकीवर हात फिरवून पाहिला. ते पोलाद बॉयलरजवळचे, डेकचे की त्या चढाचे, हे सांगायला काहीच खूण नव्हती.