छोट्या मोटारींचा इतिहास आणि नव्या संग्राहकासाठी चार गोष्टी

मंडळी, आमच्या नातेवाइकांतली दोन-तीन नातवंडे सध्या छोट्या मोटारी जमवण्याच्या मागे लागली आहेत. "आजोबा, सुरुवात कोणत्या गाडीपासून करू?" असा प्रश्न फोनवर येतो. आता इतिहासाच्या मास्तरला विचारल्यावर उत्तर इतिहासातूनच येणार! ज्यांना घाई असेल त्यांनी शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचावेत. बाकीच्यांनी माझ्यासोबत यावे.

आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला चाकांवरचे खेळणे नवे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. चाकांचा लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत मुले घरोघरी जातात आणि बोजारा घेऊन येतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ च्या सुमारास ही प्रथा सुरू केली असे सांगतात. खऱ्या बैलाचे कौतुक मोठ्यांनी करायचे, तर मुलांनाही त्यांच्या मापाचा बैल हवा, हा त्यामागचा साधा विचार. मोठ्या वस्तूची मुलाच्या हातात मावणारी प्रतिकृती... मॉडेल कार म्हणजे तरी वेगळे काय?

आणखी मागे जायचे तर प्रवरेच्या काठी दायमाबादला जावे लागेल. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावी १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. चौघांनाही चाकांची सोय होती. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, त्यात उभा सारथी. त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. धातूच्या पृथक्करणावरून काहींनी शंकाही घेतली. त्या खेळायला नव्हत्या, मिरवायला असाव्यात. पण वाहन छोटे करून जपावे ही हौस आपल्या मातीत किती जुनी आहे ते यावरून दिसते.

आता विलायतेत येऊ. लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी मेकॅनोचे जनक. त्यांची कंपनी खेळण्यातल्या आगगाड्याही करी. त्या आगगाडीच्या स्टेशनाबाहेर मोटारी नकोत का? म्हणून १९३३ अखेर काही छोट्या गाड्या काढल्या आणि १९३४ मध्ये त्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. म्हणजे मोटार आली ती रेल्वेचा हात धरून. तिचे मापही तिथलेच. 'ओ' गेजच्या ब्रिटिश रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर धरतात. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ ने भागा. उत्तर साडेत्रेचाळीस! संग्राहक ज्याला १:४३ म्हणतात ते माप असे जन्मले. आपली अँबेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब. १:४३ मध्ये ती बरोबर दहा सेंटिमीटरची होते, १:६४ मध्ये पावणेसात आणि १:१८ मध्ये चोवीस. कपाटात जागा किती लागेल याचा हिशेब यावरूनच करावा.

पुढची गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. वडिलांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' मालिका निघाली. मुलांच्या खिशातून गोट्या-भोवरे काढून घेण्यात माझी सारी नोकरी गेली. एका शाळेच्या नियमातून एवढा उद्योग उभा राहावा याचे मला नवलच वाटते. गंमत म्हणजे आमच्याकडे काड्यापेटी हीच गाडी असे! रिकाम्या पेट्या दोऱ्याने ओवल्या की आगगाडी, ज्वारीच्या धांड्यांची केली की बंडी.

१९५६ मध्ये कॉर्गीने खिडक्यांना काच लावलेल्या गाड्या आणल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेलने भन्नाट पळणारी 'हॉट व्हील्स' आणली, आणि जुन्या कंपन्यांना घरघर लागली. डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंद झाला, लेस्नी १९८२ मध्ये बुडाली.

आयातीवर बंधने होती त्या काळात आपल्या देशात हे खेळणे कुठून येणार? कलकत्त्यात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे तिथे आले आणि 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघू लागल्या. 'मिल्टन' हेही तिथलेच नाव. आज जगभरचे संग्राहक या कलकत्त्याच्या गाड्या शोधत असतात.

आता मुद्द्याचे. मॅचबॉक्सने अगदी सुरुवातीलाच लंडनची लाल बस काढली. त्यामुळे ती बस रस्त्यावरून गेली तरी जगातल्या हजारो कपाटांत राहिली. आपल्या गाड्यांचे काय? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आणि आपली शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, अडीच फुटी रुळांवरून कापूस आणि माणसे वाहिली. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, आणि पुढे गाडीही बंद झाली. रेंगी आणि दमणी तर आजच्या मुलांना शब्द म्हणूनही ठाऊक नाहीत. खरी वस्तू भंगारात गेली की तिचा आकार सांगणारी प्रतिकृतीच उरते. ती परदेशी कंपनी करणार नाही, आपल्यालाच करावी लागेल.

हे अशक्य नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी वर्षानुवर्षे खपून छोट्या रेल्वेचे शहर उभे केले. १९९८ पासून लोक ते संग्रहालय पाहतात. कितीतरी एसटीप्रेमी मुले पुठ्ठा आणि सनबोर्ड कापून आपल्या आगाराची बस हुबेहूब करतात. पाटीवर गावाचे नाव सुद्धा!

तेव्हा बाळांनो, चार गोष्टी सांगतो. एक, माप एकच धरा. दोनशेच्या आसपास मिळणाऱ्या छोट्या गाडीने सुरुवात झाली तरी चालेल, पण लहान-मोठी सगळी मापे एका फळीवर मांडली की काहीच खरे वाटत नाही. दोन, विषय ठरवा. दिसेल ती गाडी घेतली तर ते दुकान होते, संग्रह होत नाही. तीन, जुनी गाडी घेताना भिंगाने पाहा. या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात शिशाची भेसळ असेल तर काही वर्षांनी आतूनच तडे जाऊन तुकडे पडतात, त्यावर इलाज नाही. ऊन आणि दमट जागाही टाळा, खोका मात्र जपून ठेवा.

चौथी गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक गाडीमागे एक वही ठेवा. खरी गाडी कोणत्या साली निघाली, कुठे तयार झाली, आपल्या घरातले कोण तिच्यातून कुठे गेले होते, हे लिहा. काकांना विचारा, आत्याला विचारा. त्यांना सांगायला आवडेल, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच ते मिळेल. फेरारी जरूर घ्या, पण पहिली गाडी अशी असू द्या जी आपल्या दारावरून गेली आहे. ती बाजारात मिळाली नाही तर पुठ्ठा आणि कात्री आहेच.